ओबीएसचा रिप्ले बफर: दोन वर्षं वापरून, महिन्याला एक हायलाइट व्हिडिओ काढून

आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे. सांगलीत आता मी एकटाच राहिलोय, दोघं पुण्याला, एक बंगळुरूला आणि एक जर्मनीत. दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की काउंटर स्ट्राइक टू या पाच-विरुद्ध-पाचच्या बंदुकांच्या ऑनलाइन गेमला बसतो, जर्मनीत तेव्हा संध्याकाळ असते, आणि महिना संपला की त्या महिन्यातले भारी भारी क्षण जोडून सात-आठ मिनिटांचा एक व्हिडिओ करायचा हे काम माझ्याकडे. आमच्या ग्रुपपलीकडे तो फारसा कुणी बघत नाही पण आमच्यासाठी तो दिवाळी अंकासारखा आहे, वाट बघितली जाते, उशीर झाला की फोन येतात.

त्यासाठी मी ओबीएस स्टुडिओ हे कॉम्प्युटरची स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्यातही मुख्य म्हणजे त्यातला रिप्ले बफर. स्ट्रीमिंगला ओबीएस कसं आहे यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, मी स्ट्रीम करतच नाही त्यामुळे त्यात पडत नाही. ज्याला खेळून झाल्यावर एडिटला बसायचंय त्याच्या बाजूने हे सॉफ्टवेअर कसं आहे एवढंच सांगतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको: चित्रासाठी कुठलंही रेकॉर्डर चालतं, आवाजासाठी ओबीएसच.

सुरुवातीला मी अख्खी रात्र रेकॉर्ड करायचो. ४० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिटला, सेकंदाला ५ एमबी होतात, म्हणजे तासाला १८ जीबी, चार तास खेळलो की ७२ जीबी. डिस्कचं सोडा, ती विकत मिळते, पण रविवारी बसून चार तासांचं फुटेज चाळायचं आणि त्यातून ४० सेकंद काढायचे हे काम इतकं कंटाळवाणं होतं की दोन महिने व्हिडिओ झालाच नाही. मनात असायचं "त्या दुसऱ्या मॅचमध्ये काहीतरी भारी झालं होतं" पण ते कुठे आहे ते शोधताना जीव जायचा.

रिप्ले बफर म्हणजे रहाटगाडगं समजा. रेकॉर्डिंग सतत चालू असतं पण ते डिस्कवर जात नाही, रॅममध्येच फिरत राहतं, पुढून नवीन भरतं आणि मागून जुनं सांडतं. काही भारी घडलं की बटण दाबायचं, गाडग्यात त्या क्षणी जेवढं आहे तेवढं फाइल होऊन डिस्कवर उतरतं. घडून गेल्यावर बटण दाबायचं असतं हीच त्यातली गंमत आहे, आधी कुणाला माहीत असतं की आता भारी काहीतरी होणारे. आता शनिवारच्या रात्रीच्या माझ्याकडे बारा-पंधरा क्लिपा असतात, सगळ्या मिळून पाच-सहा जीबी, आणि त्यातली प्रत्येक क्लिप मला त्या क्षणी काहीतरी वाटलं म्हणून ठेवलेली असते. निम्मं एडिटिंग खेळतानाच झालेलं असतं.

सेटिंग कुठे आहे ते सांगतो कारण पहिल्यांदा सापडत नाही. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे वर आउटपुट मोड सिंपल असतो तो ॲडव्हान्स्ड करा, मग रिप्ले बफर असा टॅब दिसतो, तो चालू करायचा आणि किती सेकंद मागचं ठेवायचं ते लिहायचं. तिथे आधीपासून २० सेकंद असतात. २० फार कमी पडतात. काउंटर स्ट्राइकमध्ये बाँब लावल्यापासून फुटेपर्यंतच ४० सेकंद जातात, म्हणजे बाँब लागल्यावर एकटा राहिलेला माणूस चौघांना मारून डिफ्यूज करतो त्याची सुरुवातच २० सेकंदांत बसत नाही. शेवटचे दोन किल बघून बघणाऱ्याला काय कळणार? मजा त्याच्या आधी असते, एकेक जण मरतो, डिस्कॉर्डवर, म्हणजे ज्या ॲपवर आम्ही खेळताना बोलतो तिथे, आरडाओरडा चालू असतो, मग हळूहळू सगळे गप्प होतात कारण उरलेल्याला पावलांचे आवाज ऐकू यायला हवेत. ती शांतता क्लिपमध्ये नसेल तर पुढच्या ओरडण्याला किंमत नाही. मी ७५ सेकंद ठेवलेत, एडिट करताना पुढचं कापता येतं, नसलेलं आणता येत नाही.

रॅमची काळजी करू नका. ४० एमबीपीएसने ७५ सेकंदांचे ३७५ एमबी होतात, १६ जीबीच्या मशीनला ते काहीच नाही. फक्त एक गोष्ट बघा, रेट कंट्रोल सीक्यूपी ठेवला असेल तर चित्राचा दर्जा ठरलेला असतो पण बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा ते ठरलेलं नसतं, चित्रात गडबड जास्त तर डेटा जास्त, मग ओबीएसला आधी हिशोब लावता येत नाही आणि ते खाली मेमरीची मर्यादा विचारतं, तिथे ५१२ एमबी भरलेले असतात. मोलोटॉव, स्मोक, ग्रेनेड सगळं एकदम चालू असलं की ते ५१२ लवकर भरतात आणि ७५ ची क्लिप ५०-५५ ची होऊन बाहेर येते, म्हणजे नेमकी सगळ्यात धमाल क्लिप सगळ्यात आखूड. मी १०२४ करून ठेवलंय, तेव्हापासून पूर्ण मिळतात.

एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा भाग, मी एनव्हेंक ठेवलाय. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, एनव्हिडियाच्या कार्डावर रेकॉर्डिंगसाठी वेगळाच भाग असतो त्यामुळे गेमच्या एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यावर, मला जाणवण्यासारखा फरक पडला नाही. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवर पण आपापले हार्डवेअर एन्कोडर आहेत, ओबीएसमध्ये ते पण दिसतात. एक्स२६४ म्हणजे प्रोसेसरवर भार, खेळताना ते नकोच. सीक्यूपीचा आकडा मी १९ ठेवतो, आकडा जेवढा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एडिट करून पुन्हा एक्स्पोर्ट होणारे, मग यूट्यूब पुन्हा दाबून पिळून काढणारे, त्यामुळे मूळ फुटेज जरा दणकट असलेलं बरं.

आता आवाज.

ओबीएसमध्ये एका फाइलमध्ये सहापर्यंत ऑडिओ ट्रॅक ठेवता येतात. माझ्याकडे चार आहेत. पहिल्या ट्रॅकवर सगळ्याचं मिश्रण, दुसऱ्यावर फक्त गेम, तिसऱ्यावर डिस्कॉर्ड म्हणजे मित्रांचे आवाज, चौथ्यावर माझा माइक. पूर्वी गेम आणि डिस्कॉर्ड वेगळे करायला व्हर्च्युअल केबल वगैरे जुगाड करावा लागायचा, पण २०२२ साली २८ व्या आवृत्तीत विंडोजसाठी ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर थेट ओबीएसमध्येच आलं, सोर्स जोडायचा, त्यात डिस्कॉर्ड निवडायचं, झालं. डेस्कटॉप ऑडिओ मात्र तेव्हा बंद करा, नाहीतर सगळं दोनदा येतं आणि मोरीत बसून बोलल्यासारखं ऐकू येतं. मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये कुठला आवाज कुठल्या ट्रॅकवर त्याच्या टिका (टिकमार्क) करायच्या, आणि सेटिंग्जच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये पण त्या ट्रॅकच्या टिका करायच्या. दुसऱ्या टिका लोक विसरतात आणि मग एडिटरमध्ये एकच ट्रॅक दिसला म्हणून वैतागतात. पहिल्या ट्रॅकवर सगळं मिश्रण का, तर साध्या प्लेयरमध्ये एका वेळी एकच ट्रॅक वाजतो, रात्री दीड वाजता कुणी म्हणालं की ती क्लिप टाक ना ग्रुपवर, तर ती तशीच पाठवता आली पाहिजे.

याने काय फरक पडतो ते एका क्लिपवरून सांगतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात इन्फर्नो मॅपवर आमचा बंगळुरूवाला एकटा राहिला आणि समोर चार. बाकी आम्ही चौघं मेलेलो, त्याची स्क्रीन बघत बसलेलो. पहिला मेला तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसरा मेला तेव्हा जर्मनीवाला अगदी हळू आवाजात "थांब, थांब, घाई नको" एवढंच म्हणाला. तिसऱ्याच्या वेळी पुण्यातल्यांपैकी एकाने श्वास आत ओढलेला ऐकू येतो, खरंच ऐकू येतो, आणि चौथा मेल्यावर पाचही जण एकदम ओरडले त्यात एक शब्द कळत नाही. गेमचा आवाज त्याच ट्रॅकवर असता तर एके-४७ च्या गोळ्यांखाली ते "थांब, थांब" मेलं असतं. मी तिथे गेमचा ट्रॅक जवळजवळ बंद केला, पावलांचे आवाज फक्त ठेवले, आणि मित्रांचा ट्रॅक वर घेतला. आमच्या सगळ्या व्हिडिओंत आत्तापर्यंत सगळ्यात जास्त वेळा बघितलेले ते ४० सेकंद आहेत आणि त्यात नेमबाजी तशी साधीच आहे.

त्याच क्लिपमध्ये माझ्या माइकच्या ट्रॅकवर मागून आईचा आवाज आहे, "अरे, दुधाला विरजण लावलंस का?" पूर्वी हा आवाज काढायचा म्हणजे अख्ख्या क्लिपचा आवाज काढावा लागायचा. आता तो चौथ्या ट्रॅकवर वेगळा असतो, मी तो काढलाच होता, पण कच्चा व्हिडिओ ग्रुपवर टाकल्यावर जर्मनीवाल्याने विचारलं की काकूंचा आवाज होता तो कुठे गेला, राहू दे ना. मग परत लावला. ठेवायचं का काढायचं हे नंतर शांतपणे ठरवता येणं, यासाठीच मी ओबीएस वापरतो.

माइकवर नॉइज सप्रेशनचा फिल्टर ओबीएसमध्येच मिळतो, पंख्याचा आवाज चांगला जातो, पण मी तो लावत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी लावलेला फिल्टर फाइलमध्ये पक्का बसतो, आणि माणूस जोरात हसला की काही वेळा हसूच कापून टाकतो. सफाई एडिटमध्ये करतो.

एडिट करणाऱ्यांना डोक्याला ताप देणारी दुसरी गोष्ट म्हणजे व्हेरिएबल फ्रेम रेट. माझा धाकटा भाऊ फोनवर बीजीएमआय खेळतो, तो फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरने काढलेल्या क्लिपा मला देतो आणि टाइमलाइनवर टाकल्या की पहिल्या मिनिटात ठीक, पाचव्या मिनिटाला गोळी आधी वाजते आणि बंदूक नंतर उडते. फोन भार बघून फ्रेम कमी-जास्त करतो, एडिटर मात्र एक ठराविक आकडा धरून चालतो म्हणून असं होतं. त्यावर उपाय हँडब्रेक, फुकट आहे, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल परत काढायची. ओबीएस मुळातच कॉन्स्टंट फ्रेम रेटने रेकॉर्ड करतं त्यामुळे दोन वर्षांत माझी एकही क्लिप सरकलेली नाही. हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं पण रात्री अकराला एडिटला बसणाऱ्याला याची किंमत कळते.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची यावर माझा एक अनुभव आहे तो सांगितलाच पाहिजे. अख्खी रात्र रेकॉर्ड करायच्या काळात मी एमपी४ मध्ये करायचो, एडिटरला तेच आवडतं म्हणून. एका शनिवारी अडीच तास झाले आणि लाइट गेली. घरी इन्व्हर्टर आहे पण त्यावर पंखे आणि ट्यूब, कॉम्प्युटर नाही. लाइट आल्यावर बघतो तर ४५ जीबीची फाइल फोल्डरमध्ये आहे, नाव आहे, साइज आहे, उघडत नाही. साध्या एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे त्याची यादी सगळ्यात शेवटी लिहिली जाते, शेवट झालाच नाही तर यादी नाही आणि यादी नाही तर ती फाइल म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. त्या रात्री जर्मनीवाल्याचा वाढदिवस होता, बारा वाजता आम्ही सगळ्यांनी गेम थांबवून त्याला गाणं म्हटलं होतं, ते सगळं गेलं. अजून हळहळ वाटते.

एमकेव्हीमध्ये असं होत नाही, जिथपर्यंत लिहिलं गेलं तिथपर्यंत चालतं. रेकॉर्डिंग एमकेव्हीत करायचं आणि फाइल मेनूतल्या रीमक्सने एमपी४ करायचं, त्याला काही सेकंद लागतात आणि क्वालिटी जात नाही कारण आतला माल तोच, डबा फक्त बदलतो. २०२४ साली आलेल्या ३०.२ मध्ये हायब्रिड एमपी४ नावाचा प्रकार आलाय, तो असा लाइट गेली तरी वाचतो आणि वर एमपी४ च असतो, मी आता तोच वापरतो. रिप्ले बफरमध्ये हा धोका मुळात कमी आहे, क्लिप सेव्ह झाली की ती फाइल पूर्ण झालेली असते, लाइट गेली तर रॅममधले ७५ सेकंद जातील, अडीच तास नाही. मागच्या उन्हाळ्यात बऱ्याचदा मधेच लाइट गेली, सेव्ह केलेली एकही क्लिप गेली नाही.

आता जे आवडत नाही ते.

बफर दर वेळी हाताने चालू करावा लागतो. ओबीएस उघडलं म्हणजे बफर चालू झाला असं नाही, खाली उजवीकडे स्टार्ट रिप्ले बफर दाबायचं असतं. आणि बटण दाबल्यावर क्लिप खरंच सेव्ह झाली का हे गेममध्ये कळत नाही, आवाज नाही, कोपऱ्यात चिन्ह नाही, फक्त ओबीएसच्या खालच्या पट्टीवर एक ओळ येते आणि ती फुलस्क्रीन गेमच्या मागे. ज्याच्याकडे एकच मॉनिटर आहे त्याला हे फार खुपतं. एकदा तीन तास मी बटण दाबत होतो आणि बफर बंदच होता. त्यावर उपाय असा की ओबीएसच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी दोन डॅश आणि स्टार्टरिप्लेबफर असं इंग्रजीत जोडून लिहायचं, मग ओबीएस उघडताक्षणी बफर पण सुरू होतो. हे इतकं गरजेचं आहे की त्याची साधी टिक सेटिंगमध्ये असायला हवी होती. स्ट्रीम सुरू झाली की बफर आपोआप सुरू करण्याची टिक आहे, पण आमच्यासारख्या स्ट्रीम न करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

हॉटकी, म्हणजे क्लिप सेव्ह करायची की, पण स्वतःच लावावी लागते, हॉटकीजमध्ये सेव्ह रिप्ले शोधून. आधीपासून काही लावलेली नसते. गेमात न लागणारी आणि अंधारात सापडणारी की निवडा, मी नंपॅडवरचा प्लस ठेवलाय. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर ओबीएस पण तसंच उघडा, नाहीतर की पोचत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याचा आणखी एक फायदा आहे, ग्राफिक्स कार्ड १०० टक्क्याला टेकलं की ओबीएसला चित्र जुळवायला वेळ मिळत नाही आणि क्लिप अडखळते, ॲडमिन असेल तर विंडोज त्याला आधी वेळ देतं. तरी अडखळत असेल तर गेमचे एफपीएस बांधून टाका, मी १६५ ला बांधलेत कारण मॉनिटर तेवढाच आहे. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी आहे, रेंडरिंग लॅग आणि एन्कोडिंग लॅगचे आकडे वेगवेगळे दिसतात, नुसता अंदाज करण्यापेक्षा ती उघडून दहा मिनिटं खेळून बघा. पहिला आकडा वाढत असेल तर कार्ड दमलंय, दुसरा वाढत असेल तर एन्कोडरची सेटिंग जास्त जड आहे.

लॅपटॉपवाल्यांना काळी स्क्रीन दिसते हा जुना प्रश्न. दोन ग्राफिक्स असतात, डिस्प्ले एकावर आणि ओबीएस दुसऱ्यावर असं झालं की डिस्प्ले कॅप्चर काळं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला दुसऱ्या कार्डावर हलवून बघा.

आता गेमच्या आतल्या रिप्लेबद्दल, कारण नुसत्या बफरवर चांगला व्हिडिओ होत नाही. बफरमध्ये फक्त मी बघत होतो ते असतं. त्या बंगळुरूवाल्याच्या क्लिपमध्ये चौथा गडी कोपऱ्यात दबा धरून बसला होता हे मला नंतर डेमो बघितल्यावर कळलं. काउंटर स्ट्राइकमध्ये मॅचचा डेमो उतरवून घेता येतो, ती व्हिडिओ फाइल नसते, कोण कुठे उभा होता आणि कधी गोळी मारली याची नोंद असते आणि गेम ती परत खेळून दाखवतो. म्हणजे कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यातून बघा, मोकळा कॅमेरा घेऊन भिंतीवरून बघा, वेग पाव करा. शिफ्ट एफ२ ने डेमोची पट्टी येते, कन्सोलमध्ये डेमो टाइमस्केलची कमांड देऊन वेग ०.२५ केला की जे स्लो मोशन मिळतं ते खरं असतं, एडिटरमध्ये फ्रेम ताणून केलेलं ओढूनताणून वाटतं. एचयूडी म्हणजे स्क्रीनवरचे आकडे-खुणा लपवा, भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारा एक्स-रे बंद करा, आणि ओबीएसमध्ये साधं रेकॉर्डिंग लावून प्रत्येक कोन एकेकदा काढून घ्या.

डेमोत आमचे आवाज नसतात. आवाज बफरच्या क्लिपमध्ये असतात. म्हणून मी दोन्ही एकमेकांवर बसवतो, मूळ वेगाने काढलेलं डेमोचं फुटेज वरच्या पट्टीत, बफरची क्लिप खाली, आणि पहिल्या गोळीचा आवाज वेव्हफॉर्ममध्ये सरळ उभ्या काडीसारखा दिसतो ना, त्या दोन काड्या एका रेषेत आणायच्या. एकदा त्या जुळल्या की मग वरून चित्र कुठलंही दाखवा, खाली मित्र त्या क्षणी जे बोलले तेच बोलत राहतात. शत्रूच्या डोळ्यातून आपला गडी येताना दिसतो आणि मागून "थांब, थांब, घाई नको" ऐकू येतं. हे जेव्हा पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ते आठ-दहा वेळा बघितलं. इथेही दुसऱ्या ट्रॅकवर गेमचा आवाज एकटा असल्यामुळे गोळीची काडी स्वच्छ दिसते, सगळं एकत्र असतं तर हसण्याच्या गर्दीत ती शोधत बसलो असतो.

डेमोवर पूर्ण भरवसा पण ठेवू नका. ते सर्व्हरवर कायम राहत नाहीत, आणि गेमला मोठा अपडेट आला की जुना डेमो चालेलच असं नाही, त्यामुळे मी रविवारी सकाळी चहाबरोबर डेमो उतरवून कोन रेकॉर्ड करून टाकतो. शिवाय डेमोतलं दृश्य आणि खेळणाऱ्याला दिसलेलं दृश्य यात थोडा फरक पडतो, नेम अगदी डोक्यावर असलेला डेमोत जरा बाजूला दिसतो, म्हणून मुख्य शॉट मी बफरमधलाच घेतो आणि डेमो पुढच्या-मागच्या कोनांसाठी.

रील करणाऱ्यांसाठी एक हिशोब. १०८०पी फुटेजमधून उभी ९:१६ ची पट्टी कापली तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते, ती ताणून १०८० करायची म्हणजे चित्र पुसट होणारच, १४४०पी मध्ये रेकॉर्ड केलं तर ८१० मिळतात आणि फरक डोळ्याला दिसतो. वर उजवीकडची किलची यादी पट्टीबाहेर जाते, ती वेगळी कापून वर चिकटवावी लागते.

बाकीचे पर्याय पण वापरून बघितलेत. विंडोजचा गेम बार बसवायला काहीच लागत नाही, सेटिंगमध्ये बॅकग्राउंड रेकॉर्डिंग चालू केलेलं असेल तर विंडोज, ऑल्ट आणि जी एकत्र दाबलं की मागचं सेव्ह होतं, एखादी क्लिप हवी असेल त्याला तेवढं पुरे. एनव्हिडियाचं इन्स्टंट रिप्ले सगळ्यात सोपं, ऑल्ट एफ१०, सेव्ह झालं की स्क्रीनवर कळतं, माइक वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो. स्टीमचं गेम रेकॉर्डिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी आलं आणि त्याची टाइमलाइन मला मनापासून आवडली, काउंटर स्ट्राइकमध्ये किल कुठे झाला, कधी मेलो याच्या खुणा आपोआप पडतात, मागे जाऊन हवं ते कापायचं, बटण दाबायचं लक्षात ठेवायची पण गरज नाही. ज्याला फक्त क्लिप काढून ग्रुपवर टाकायची आहे त्याला मी स्टीमचंच सांगेन, ओबीएसच्या सेटिंगमध्ये एक संध्याकाळ घालवायची त्याला गरज नाही. पण टाइमलाइनवर बसून गेम, मित्र आणि मी असे तीन आवाज वेगवेगळे खाली-वर करायचे असतील तर मी फिरून फिरून ओबीएसवरच येतो.

किंमत शून्य. २०१२ पासून चालू असलेलं, सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं सॉफ्टवेअर आहे, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. उतरवताना मात्र ओबीएस प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या किंवा स्टीमवरून, त्याच्या नावाच्या खोट्या साइटी निघालेल्या आहेत आणि शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर डोळे झाकून क्लिक करू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो बफर चालू आहे का ते गेममध्ये दिसत नाही म्हणून.

आणि क्लिपांना त्याच रात्री नावं द्या. ओबीएस नुसतं रिप्ले आणि तारीख-वेळ टाकतं, महिनाअखेरीला पन्नास फाइलींच्या तारखा बघून काही आठवत नाही. मी झोपायच्या आधी पाच मिनिटं बसून कोण, कुठे, कोण काय बोललं एवढं नावात लिहितो. या शनिवारच्या एका फाइलचं नाव आहे "मिराज, पुणेकर चाकूने, जर्मनी हसताना खुर्चीवरून". ती पहिली एडिट करायला घेणारे.